मन बरं नसताना झाडपाला चालतो का?

आपल्या पेडणे-डिचोलीकडच्या बहुतेक घरांत दुखण्याची सुरुवात डॉक्टरकडे होत नाही, परसात होते. सर्दी झाली की आलं-तुळस-मिऱ्यांचा कसाय, पोट बिघडलं की ओवा, भाजलं की कोरफड. चवथीच्या माटोळीला कुठली वेल कुठल्या रानात मिळते हे डोळे मिटून सांगणारी माणसं अजून आपल्या वाड्यांवर आहेत. त्यामुळे मन बिघडलं, जीव कशातच लागेना झाला, की घरातलं मोठं माणूस आधी झाडपाल्याकडे बघतं यात नवल नाही. ‘ब्राह्मीचा रस घे’, ‘अश्वगंधा चालू कर’, ‘अमक्या गावचा वैदू मूळ देतो, ते उगाळून घे’. आता त्यात मोबाइलवर दिसणाऱ्या कॅप्सूलच्या जाहिरातींची भर पडली आहे.

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. साहित्य मंडळाच्या एका बैठकीनंतर गप्पांत हाच विषय निघाला : ‘गावठी औषधाने डिप्रेशन जातं का?’ अर्धे म्हणाले हो, अर्धे म्हणाले छे! ‘हो’ का आणि ‘छे’ का, हे मात्र कोणालाच सांगता येईना. म्हणून थोडं वाचन केलं, दोन-तीन जाणत्यांना विचारलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे औषधाचं चिट्ठी-पत्र समजू नका. निर्णय घेण्याआधी हाताशी असावी अशी माहिती समजा.

आधी दुखणं ओळखू

परीक्षेत कमी गुण पडले म्हणून चार दिवस वाईट वाटणं हे नैराश्य नव्हे. जवळचं माणूस गेल्याचं दुःख हाही आजार नव्हे. डॉक्टर नैराश्य म्हणतात ते असं : निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असणं किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस निघून जाणं, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांचा बिघाड, ‘आपण कुचकामी’ ही भावना, कधी मरणाचे विचार.

हे मोजायला नऊ प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली जगभर वापरतात. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. एकूण गुण ० ते २७. पाच ते नऊ गुण आले तर सौम्य, दहा ते चौदा मध्यम, त्याच्या वर गंभीर. हा लेख सौम्य नैराश्याबद्दल आहे. तिथे माणूस कॉलेजला येतं, जेवतं, हसतंसुद्धा. पण सगळं ओढून-ताणून.

आपल्याकडे आणखी एक अडचण. ‘मला नैराश्य आलंय’ असं कोणी म्हणत नाही. ‘हातपाय गळतात’, ‘काळीज धडधडतं’, ‘झोप येत नाही’, ‘टेन्शन आहे’ असं म्हणतात. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या संशोधकांनीही हेच नोंदवलं आहे : मनाचं दुखणं इथे शरीराच्या तक्रारीचं रूप घेऊन येतं. मग त्यावर अशक्तपणाचं टॉनिक दिलं जातं, कुठे दिश्ट काढली जाते, कुठे देवाला गाऱ्हाणं घातलं जातं. गाऱ्हाण्याने घरच्यांचा धीर वाढतो, त्याला माझी ना नाही. पण दुखण्याला नाव मिळत नाही, आणि नाव नाही म्हणून उपायही मिळत नाही.

सांजांवच्या संताचं झाड

नैराश्यावर जगात सर्वांत जास्त तपासली गेलेली वनस्पती आपल्या परसात उगवत नाही, पण तिचं नाव आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. २४ जूनला आपण सांजांव साजरा करतो. डोक्यावर कोपेल चढवून विहिरीत उड्या मारतो, नव्या जावयाचं कौतुक करतो. त्याच संत जुवांवच्या नावाची ही वनस्पती : सेंट जॉन्स वर्ट. युरोपात ती त्याच सणाच्या सुमारास पिवळ्या फुलांनी भरून येते, म्हणून हे नाव. तिची कळी चुरगळली की बोटांना लाल रंग लागतो. गोव्यात सणाला पाऊस आणि विहीर, तिकडे त्याच सणाला ही फुलं!

ही वनस्पती काम करते का? २००८ साली कोक्रेन या संस्थेने २९ चाचण्या आणि सुमारे साडेपाच हजार रुग्ण यांचा एकत्र आढावा घेतला. त्यात तिचा अर्क पोकळ गोळीपेक्षा सरस ठरला, नेहमीच्या नैराश्यविरोधी गोळ्यांच्या बरोबरीचा ठरला, आणि त्रासही कमी दिसला. मात्र जर्मन भाषिक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतर देशांपेक्षा जास्त चांगले आले, याचं समाधानकारक कारण सापडलं नाही. उलट, २००२ साली अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात हा अर्क पोकळ गोळीला मागे टाकू शकला नाही. गंमत म्हणजे त्याच चाचणीत तुलनेला ठेवलेली सर्ट्रालिन ही नेहमीची गोळीसुद्धा मुख्य कसोटीवर पोकळ गोळीपेक्षा वरचढ ठरली नाही. नैराश्याच्या चाचण्या किती निसरड्या असतात हे यावरून कळतं.

म्हणजे ‘चालतो’ असं म्हणायला बऱ्यापैकी आधार आहे. मग मागवून घ्यावा का? इथेच थांबायला हवं. हा अर्क यकृताला इतर औषधं नेहमीपेक्षा झपाट्याने मोडून टाकायला लावतो. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, एचआयव्हीची औषधं, हृदयाचं डिगॉक्सिन यांचा परिणाम कमी होतो. २००० साली झुरिकमधल्या डॉक्टरांनी कळवलं की, हृदयाचं प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांनी हा अर्क सुरू केल्यावर त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन घटलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतला तर अंगात सेरोटोनिन वाढून ताप, थरथर, गोंधळ असा धोकादायक त्रास होऊ शकतो. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही’ हे वाक्य इथेच खोटं पडतं. ज्याचा परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो.

केशर आणि हळद

केशरावरच्या सुरुवातीच्या चाचण्या तेहरानमध्ये झाल्या. रोज ३० मिलिग्रॅम केशराचा अर्क, सहा आठवडे, आणि तीस-चाळीस रुग्णांचे लहान गट. निकाल आशादायक आले. पण इतक्या लहान गटांवर आणि इतक्या कमी काळावर ठाम बोलता येत नाही. शिवाय केशराची किंमत आणि भेसळ दोन्ही आपल्याला माहीत आहेतच.

हळदीची चाचणी आपल्या शेजारी, गुजरातमधल्या भावनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात झाली. साठ रुग्ण, तीन गट. एकाला फ्लुऑक्सेटिन, एकाला रोज १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन, एकाला दोन्ही. सहा आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. वाचून वाटतं, हळद गोळीइतकीच चांगली! पण पोकळ गोळीचा चौथा गट तिथे नव्हता. त्यामुळे सगळे आपोआप, किंवा ‘औषध मिळतंय’ या भावनेने सुधारले का, हे कळायला मार्ग नाही.

आता घरचा हिशेब करू. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे १००० मिलिग्रॅम हवं तर रोज तीस-पस्तीस ग्रॅम हळद, दहा-बारा छोटे चमचे. आणि त्यातलंही फार थोडं आतड्यातून रक्तात उतरतं. तेव्हा रात्रीचं हळदीचं दूध जरूर प्या, ऊब आणि आईचं लक्ष दोन्ही मिळतं. पण ते नैराश्याचं औषध म्हणून मोजू नका.

ब्राह्मी नेमकी कुठली?

आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती दिल्या जातात. एक पाणथळ जागेत पसरणारी, जाडसर बारीक पानांची आणि पांढुरक्या-जांभळट फुलांची नीरब्राह्मी. दुसरी शेताच्या बांधावर, ओलाव्यात वाढणारी गोल पानांची मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. दोघींची कुळंसुद्धा वेगळी. ‘ब्राह्मी घे’ असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न हाच : कुठली?

चरकसंहितेत बुद्धीसाठी चार मेध्य रसायनं सांगितली आहेत : मंडूकपर्णी, जेष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. ती मेधेसाठी, म्हणजे ग्रहण आणि स्मरणासाठी. आजच्या चाचण्यांतही नीरब्राह्मीचा थोडाफार फायदा दिसतो तो स्मरणशक्तीत, आणि तोही साधारण बारा आठवडे घेतल्यावर. उदासी जाते असा भक्कम पुरावा नाही. आणि एक गोष्ट डिचोलीकरांनी खास लक्षात ठेवावी. नीरब्राह्मी ज्या पाण्यात वाढते त्यातले जड धातू शोषून घेते. इतके की दूषित पाणी साफ करायला तिचा उपयोग होईल का, याचा अभ्यास झाला आहे. खाणींचे खंदक आणि मातीचे ढिगारे धुऊन येणारं पाणी जिथे साचतं, तिथली ब्राह्मी उपटून रस काढू नका.

अश्वगंधेच्या चाचण्या भारतात बऱ्याच झाल्या. २०१२ साली हैदराबादच्या एका अभ्यासात ६४ तणावग्रस्त लोकांपैकी काहींना ६० दिवस मुळाचा अर्क दिला आणि त्यांचा ताण पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरला. हा अभ्यास ताणावरचा होता, नैराश्यावरचा नव्हे. दुसऱ्या बाजूला, अश्वगंधेने यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवर तिचा परिणाम होतो, गरोदरपणात ती टाळायला सांगतात, आणि २०२३ साली डेन्मार्कने तिच्यावर बंदीच घातली.

सर्पगंधेची उलटी गोष्ट

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सर्पगंधेची. हे झुडूप पश्चिम घाटात होतं, आणि त्याचं मूळ ‘डोकं शांत करायला’, ‘झोप लागायला’ देण्याची रीत फार जुनी आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवर या मुळाच्या उपयोगाबद्दल लिहिलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं.

रक्तदाब उतरू लागला, पण काही रुग्ण विलक्षण उदास होऊ लागले. शोध घेतला तेव्हा दिसलं की रेसर्पिन मेंदूतली सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिनसारखी रसायनं रिकामी करतं. या रसायनांच्या कमतरतेचा नैराश्याशी संबंध असावा ही कल्पना पुढे आली त्यामागे या निरीक्षणाचा मोठा हात होता. हा संबंध वाटला तितका सरळ नाही हे नंतरच्या संशोधकांनी दाखवलं. तरी खिन्न माणसाने सर्पगंधा टाळावी ही सूचना आजही कायम आहे.

विचार करा. घरातली मुलगी उदास आहे, झोपत नाही. कोणीतरी ‘शांत करणारं मूळ’ देतो. मूळ कसलं, विचारायचं नाही; सांगितलं तर गुण जातो म्हणे. ते सर्पगंधा असलं तर मुलगी झोपेल, आणि त्याच वेळी आणखी खोल जाईल. म्हणून नाव न सांगता दिलेलं कुठलंही मूळ मनाच्या दुखण्यावर घेऊ नये.

‘पण मला गुण आला!’

हे खरंच असतं, आणि ते कसं घडतं हे सर्वांत आधी सांगणाऱ्यांत एक गोंयकार होता. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले आबे फारिया. पणजीत त्यांचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या काळी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग चालत, आणि लोकांना वाटे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी चुंबकीय प्रवाह निघतो. फारियांनी सांगितलं की शक्ती करणाऱ्यात नाही. समोरच्याच्या अपेक्षेत, विश्वासात आणि एकाग्रतेत आहे.

आजच्या चाचण्यांत पोकळ गोळीचा गट ठेवतात तो याचसाठी. सौम्य नैराश्यात पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीही पुष्कळांना बरं वाटतं. कोणीतरी लक्ष दिलं, काहीतरी सुरू झालं, आशा वाटली. शिवाय सौम्य उदासी अनेकदा काही आठवड्यांत आपणहून ओसरते. त्यामुळे ‘मी काढा घेतला आणि महिन्याने बरी झाले’ यातलं श्रेय काढ्याचं किती, महिन्याचं किती, आणि रोज काढा करून देणाऱ्या आजीचं किती, हे एका माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही.

आणि गुण आला नाही तर? माझ्या ओळखीच्या एका मुलीचं सांगते. सतत थकवा, रडू, वजन वाढलेलं, अभ्यासात लक्ष नाही. घरच्यांनी मायेनेच चार महिने एका ओळखीच्या माणसाकडचं चूर्ण दिलं. परीक्षा हुकली. शेवटी आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड मंदावलेला निघाला. नेहमीच्या गोळीने हळूहळू सुधारली. त्या चूर्णाने तिला अपाय झाला नसेलही, पण चार महिने गेले ते गेलेच. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२ यांची गडबड उदासीसारखीच दिसते, आणि हे फक्त तपासणीत कळतं.

मग सौम्य नैराश्यात करायचं काय?

इथे एक सुखद आश्चर्य आहे. सौम्य नैराश्यात थेट गोळ्यांवर जाऊ नका, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आधी बोलण्याचे उपचार, नियमित व्यायाम, मार्गदर्शनाखाली स्वमदत. म्हणजे ‘लगेच गोळी नको’ हे आजीचं म्हणणं इथे अगदी बरोबर आहे. फक्त गोळीच्या जागी मूळ ठेवायचं नाही.

बोलण्याच्या उपचाराचा नमुना तर आपल्या गोव्यातच तयार झाला. ‘संगत’ या संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. समुपदेशक डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. सहा ते आठ भेटी. रुग्ण तर मध्यम-गंभीर ते गंभीर नैराश्याचे. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी शंभरात ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते. न मिळालेल्यांत ३९.

या भेटींत करत काय? मुख्य कल्पना साधी आहे. उदास माणूस कामं सोडतं, कामं सोडल्यामुळे आनंदाचे क्षण संपतात, त्यामुळे ते आणखी उदास होतं. हे चक्र ‘मन लागलं की करीन’ म्हणून तुटत नाही. आधी करायचं, मन मागून येतं. म्हणून रोज एक छोटं, ठरलेलं, शक्य असं काम : संध्याकाळी कुळागरापर्यंत चालत जाणं, भजनाला किंवा क्वायरच्या तालमीला बसणं, मैदानावर अर्धा तास फुटबॉल, मैत्रिणीला फोन. लिहून ठेवायचं, केल्यावर कसं वाटलं तेही लिहायचं. चरकानेही उपचारांत औषधाबरोबर ‘सत्त्वावजय’, म्हणजे मनाला आवरून सावरणं, हा वेगळा प्रकार मानला आहे. आयुर्वेद म्हणजे फक्त झाडपाला, हा समज आपलाच आहे.

घ्यायचंच ठरवलं तर

काही जण तरीही घेतील. त्यांच्यासाठी एवढं :

१. आधी डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. डिचोली, साखळी, पेडणे, कासारवर्णे इथे सरकारी आरोग्य केंद्रं आहेत.

२. आयुर्वेदच हवा असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. तिचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं. पेडणेकरांना तर ती दारातच आहे.

३. चालू असलेली प्रत्येक गोळी वैद्यांना सांगा, आणि चालू असलेला प्रत्येक काढा डॉक्टरांना सांगा. ओरडतील म्हणून लपवू नका.

४. नैराश्याची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करून झाडपाला सुरू करू नका.

५. एका वेळी एकच गोष्ट घ्या, तारीख लिहा. चार ते सहा आठवड्यांत फरक नाही तर थांबा आणि परत दाखवा.

६. भांग हा उपाय नाही. गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात भांगेने चिंता विसरणाऱ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. विसरणं आणि बरं होणं यांत फरक आहे. उलट काहींच्या मनाचा तोल त्याने आणखी जातो.

७. मरणाचे विचार येत असतील, जेवणखाण सुटलं असेल, किंवा कानांत नसलेले आवाज येत असतील तर ते सौम्य नैराश्य नव्हे. तिथे काढा नाही, वाट बघणं नाही. त्याच दिवशी कोणालातरी सांगा. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि फुकट चालते.

आपल्या झाडपाल्याचं ज्ञान खोटं नाही. सर्पगंधेनेच जगाला मेंदूबद्दल एवढं शिकवलं. पण ज्ञान म्हटलं की वनस्पतीचं नाव, मात्रा, तपासणी आणि ‘चाललं नाही’ हे मान्य करायची तयारी, हे सगळं आलं. तुमच्या घरी मनाच्या दुखण्यावर कुठली पाळं-मुळं देतात, कोणत्या नावाने देतात, हे घरातल्या जाणत्यांना विचारून मंडळाकडे लिहून पाठवा. वनस्पतिशास्त्राच्या मित्रांना बरोबर घेऊन त्यांची ओळख पटवता येईल. आणि वर्गातलं कोणी बरेच दिवस गप्प-गप्प दिसत असेल तर ब्राह्मी सुचवण्याआधी त्याच्या शेजारी बसून विचारा, ‘कसं चाललंय?’ आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.